तिसरा ठोका

आमच्याकडे आनंदाची बातमी असली की मला बोलावत नाहीत. त्यात त्यांची चूक नाही. यंत्रात काही सापडलं, सगळे टाळ्या पिटायला लागले, की मी जाऊन सांगणार, अहो, ही लहर नाही, हा मागच्या रस्त्यावरचा खडी भरलेला ट्रक आहे. किंवा कॅन्टीनचा फ्रीज आहे. किंवा नुसता वारा. कामच ते माझं. यंत्रात येणारा केर शोधायचा आणि काढून टाकायचा. म्हणून सगळे मला केरवाली म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि मीही ओ देते.

त्या दिवशी मात्र सकाळी सकाळी फोन आला. "असशील तशी ये," हेडबाई म्हणाल्या. हेडबाई म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. चष्म्यावरून बघतात आणि कुणी उशिरा आलं की घड्याळाकडे नाही, त्या माणसाच्या बुटांकडे पाहतात, म्हणून हे नाव. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी अर्धा चहा तसाच टाकून निघाले.

नियंत्रण कक्षात उभं राहायला जागा नव्हती. सुट्टीवर असलेले लोकसुद्धा आले होते. मी आत पाऊल टाकलं आणि सगळे गप्प झाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मला वाटलं, आता कोण गेलं. मागच्या वर्षी असेच बघत होते. तेव्हा माझा नवरा गेला होता, इथेच, पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता.

"मास्तरचं खरं झालं गं," हेडबाई म्हणाल्या आणि त्यांनी चक्क मला जवळ घेतलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. दुसऱ्यांच्या गणितातल्या चुका लाल पेनने काढायचा, न विचारता, म्हणून मास्तर.

आता खरं झालं म्हणजे काय, ते सांगते. अवघड नाही. नवऱ्याने माझ्या सासूबाईंना जसं समजावलं होतं तसंच सांगते. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच हलतं, आणि ती थरथर, लहर म्हणा, पसरत पसरत इथवर येते. येईपर्यंत ती इतकी बारीक झालेली असते की आमच्या लांबलचक नळ्यांच्या टोकांना टांगलेले आरसे अणूहूनही कितीतरी कमी सरकतात. ते सरकणं आम्ही लेझरने मोजतो. इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण पुढे आहे. प्रकाश कणाकणांनी येतो, जगातलं बाकी सगळं त्या कणाकणांच्या, क्वांटमच्या नियमाने चालतं. एकटं गुरुत्वाकर्षण तेवढं फटकून वागतं. तेही त्याच नियमात बसतं की नाही, याचा पुरावा आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. नवरा म्हणायचा, बसत असेल तर कृष्णविवराच्या काठावर कळेल. एरवी तो काठ म्हणजे आत गेलं ते गेलं. पण तिथे क्वांटमचा हात लागला असेल, तर काठाशी भिंतीसारखं काहीतरी असेल, आणि लहर तिच्यावर आपटून थोडी थोडी बाहेर येत राहील. मूळ लहरीमागून पडसाद. सारख्या अंतराने, प्रत्येक आधीच्यापेक्षा क्षीण. त्या पडसादांच्या मागे तो जन्मभर होता. लोक हसायचे. तोही त्यांच्यात हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

आणि आता पडद्यावर पडसाद होते. आमच्या यंत्रात होते आणि समुद्रापलीकडच्या दुसऱ्या केंद्राच्या यंत्रातही होते. इथला ट्रक आणि तिथला ट्रक बरोबर एकाच वेळी जात नाहीत, तेव्हा केर नव्हे. पडसाद एकूण तीन.

"तू ऐक," हेडबाईंनी हेडफोन माझ्या हातात दिला. "तू नाही म्हणालीस तर मी थांबेन. बाकी कुणाचं ऐकणार नाही."

लहर आम्ही आवाजात बदलून, सावकाश करून ऐकतो. पडद्यावर दिसायच्या आधी कानाला कळतं, निदान माझ्या. मी डोळे मिटले. आधी चढत चढत गेलेला सूर, मग आदळणं. मग शांतता. मग ठक. ठक. मग जरासं थांबून, दबकत, ठक.

मी तेवढाच भाग पुन्हा लावून ऐकला.

हा ठोका मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून रोज ऐकलाय. नवरा किल्ली कायम विसरायचा, आणि बेल वाजवायचा नाही, तिचा आवाज त्याच्या डोक्यात जायचा. दोन ठोके ठसठशीत: मी आलोय. मग थोडा दम खाऊन तिसरा, हळू: किल्ली विसरलोय, रागावू नकोस. मी रागवायचेच.

"काय गं, काय वाटतं?" हेडबाईंनी विचारलं.

"तिसरा उशिरा आलाय."

"हो, किंचित." मग चारजणांनी चार कारणं दिली. कृष्णविवर गरगर फिरत असेल. भिंतच थरथरत असेल. इतक्या हौसेने दिली की माझं डोकंच फिरलं. एरवी माझ्या एका फ्रीजवरून हीच माणसं आठवडा आठवडा वाद घालतात.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी म्हणाले, आणि कुणी काही विचारायच्या आत बाहेर पडले.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर मी का घाबरले ते कळायचं नाही. आमच्याकडे आम्हालाच फसवायची रीत आहे. अधूनमधून यंत्रात खोटी लहर सोडतात. आरशांच्या मागे बारीक चुंबकं बसवलेली असतात, त्यांना हलका धक्का दिला की आरसा खऱ्या लहरीने हलावा तसाच हलतो. कधी सोडली, कशी सोडली, कुणाला सांगत नाहीत. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतायत की खुर्चीत झोपलेत, ते बघायला. हे गुपित दोघांकडेच असतं. एक होता माझा नवरा. दुसरी त्याची मोठी बहीण, म्हणजे माझी नणंद, ताई, आमच्या आरशांची इंजिनियर. घरचे तिघेही इथलेच. जेवताना ही दोघं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसली की माझं डोकं उठायचं.

पण तो गेल्यावर ती परीक्षा बंद झाली होती. हेडबाईंनी त्या सकाळी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं, आणि ताईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बंद आहे."

आणि दुसरं. मी वर्षभर हा ठोका ऐकत होते. लिफ्टच्या दारात, कपडे धुवायच्या मशीनमध्ये, एकदा तर बँकेत, काउंटरवर शिक्का मारणाऱ्या बाईच्या हातात. बँकेत मी चक्क उठून दाराकडे गेले होते. जिचं पोट दुसऱ्यांचे भास खोडून काढण्यावर चालतं, तिलाच भास होत होते, आणि हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलून नोकरी कोण घालवेल. तेव्हा माझ्या कानांवर माझाच विश्वास उरला नव्हता.

घरी पोचले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. ताईंनी फोन केला होता. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या, आणि टेबलावर मुलाचे फोटो मांडले होते. पेपरवाले मागतील, तेव्हा कोणता द्यायचा ते बघत होत्या.

"हा नको," त्या म्हणाल्या. "ह्यात केस विंचरलेले नाहीत."

"कशातच विंचरलेले नाहीत, आई."

त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदाच. "मला म्हणाला होता, आई, सापडलं की सगळ्यात आधी तुला सांगेन. बघ, कळवलंच त्याने."

तेवढ्यात भिंतीतला पाण्याचा पाइप वाजला. वरच्या मजल्यावर कुणी नळ जोरात बंद केला की तो दोनतीनदा ठोके देतो, आम्ही राहायला आल्यापासून देतो. आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं. मग एकमेकींकडे. तेव्हा मला कळलं की वर्षभर मी एकटीच ऐकत नव्हते.

"पाइप आहे," मी म्हणाले.

"माहितीये मला," सासूबाई म्हणाल्या आणि सरळच असलेले फोटो पुन्हा सरळ करत बसल्या.

मला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. सगळं केंद्र मनात म्हणत होतं, खरं असू दे. सासूबाई म्हणत होत्या, ताई म्हणत होत्या. आणि मी म्हणत होते, खोटं असू दे. खरं असलं तर तो बरोबर होता, एवढंच. खोटं असलं तर तो दारात होता. एका बाजूला एवढा मोठा शोध, दुसऱ्या बाजूला माझ्या दारावरचा ठोका, आणि मला ठोका हवा होता. आता अशा बाईने निवाडा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी ताईंना कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. आरशांच्या दालनात धुळीचा कण चालत नाही. पायघोळ पांढरा अंगरखा, टोपी, मास्क, बुटांवर पिशव्या. दाराशी चिकट चटई असते, तिच्यावरून पाऊल उचललं की बुटाचा तळ चर्र करून सुटतो. ताई बाकावर बसून एका बुटावर पिशवी चढवत होत्या.

"ताई, परीक्षा खरंच बंद आहे?"

"आहे म्हणून सांगितलं ना."

"कुणी बंद केली?"

"अगं, छोट्या गेल्यावर ऑफिसने त्याचं कार्ड, लॉगिन, सगळं बंद केलं की. मग बंदच नाही का?" छोट्या म्हणजे माझा नवरा. साठीला टेकला तरी बहिणीला तो छोट्याच होता.

"लॉगिन त्याचं बंद झालं. पण आधी लावून ठेवलेल्या लहरी रांगेत असतात, त्या यंत्र स्वतःच्या खात्यातून सोडतं. ती रांग रिकामी केलीत?"

ताई पिशवीचं इलॅस्टिक ओढत राहिल्या. "मला वाटलं ऑफिसने केली असेल."

"ऑफिसला वाटलं असेल तुम्ही केली."

असं फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. रांगेत डोकवायचं नाही, ती आहे असं बोलायचंसुद्धा नाही, हा नियम आमचाच. तो सगळ्यांनी इतका निष्ठेने पाळला की माणूस गेल्यावरही कुणी डोकावलं नाही. आणि लहर लावणारा मेला, हे यंत्राला कळवायची सोय आम्ही कधी केलीच नव्हती.

"चुंबकांची नोंद तुम्हाला उघडता येते," मी म्हणाले. "आता एकट्या तुम्हालाच. बघू या."

"मला नाही बघायची."

"ताई."

"तू तुझा केर काढ. जन्मभर लोक त्याला हसले. हेडबाईसुद्धा हसायच्या, आज गळ्यात पडतायत. आई ठेवणीतले कपडे घालून बसलीये. ते सगळं मोडून तुला काय मिळणार आहे? बायको ना तू त्याची?" मास्कमुळे त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते भरले होते.

"बायको आहे म्हणूनच सांगते. तुम्ही फक्त आकडे पाहिलेत. आता ऐका."

मी फोनवर तो आवाज लावला, तिथेच, वापरलेल्या टोप्यांच्या टोपलीशेजारी. ठक. ठक. मग तो. ताई त्याची बहीण. शाळेतून आल्यावरही तो असंच दार वाजवायचा, आणि दार उघडायला यांनाच उठावं लागायचं. त्या एका बुटावर पिशवी, दुसरा तसाच, अशा उठल्या आणि दालनाकडे न जाता संगणकाच्या खोलीकडे चालायला लागल्या.

नोंद उघडायला वेळ लागला नाही. लहर आली त्याच्या आधी चुंबकं गप्प होती. मग त्यांना धक्के दिलेले दिसत होते: आदळणं, मग दोन, मग थोडं थांबून एक. दुसऱ्या केंद्राच्या चुंबकांचंही तेच, ती रांगही इथूनच चालते. आरसा आकाशाने हलवलाच नव्हता. माझ्या नवऱ्याने हलवला होता, वर्षापूर्वी बसून, कदाचित आमच्याच जेवणाच्या टेबलावर, गालातल्या गालात हसत.

तिसरा उशिरा का, तेही मला तेव्हा समजलं. त्याच्याच गणिताप्रमाणे अंतर सारखं असायला हवं होतं. त्याने चूक मुद्दाम ठेवली होती. त्याला ठाऊक होतं, असं काही आलं तर सगळे भाळणार, त्याच्यावरच्या प्रेमापोटी चूक पोटात घालणार. त्याला बघायचं होतं, पकडतं कोण. आणि चूक कुठली ठेवावी, तर माझ्या ओळखीची. मास्तरने पेपर माझ्यासाठी काढला होता. थट्टा होती ती, ताईंनाही न सांगता केलेली. मी पकडलं की संध्याकाळी घरी येऊन, दारातच उभा राहून, खदाखदा हसायचं होतं त्याला. थट्टा ठरल्या वेळी आली. तो तेवढा आला नाही.

ताई टेबलावर डोकं टेकून रडल्या. मी रडले नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता, किल्ली विसरल्यावर यायचा तसा. आणि इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.

हेडबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बातमी बाहेर गेली नव्हती, एवढं नशीब. "रांग रिकामी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "आजच. आत अजून किती आहेत कुणास ठाऊक."

"बाई, राहू द्या ना," ताई म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आता आपल्याला माहीत आहे. काही आलं की मी नोंद बघीन. त्याची असली तर सोडून देऊ. कुणाचं काय बिघडतंय? येऊ दे की त्याला अधूनमधून."

हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हुकूम सोडला असता तर मी गप्प बसले असते, आणि सगळा दोष त्यांच्यावर ढकलला असता. पण त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तसं. आत काय आहे ते आधी ऐकायचं असेल तर ऐक. नियमाकडे मी काणाडोळा करीन."

माझा जीव किती ओढला म्हणून सांगू. त्या रांगेत तो होता. अजून एकदा, किंवा दहादा. मी काही केलं नसतं तर कुठल्यातरी दुपारी, डबा खाऊन कंटाळत बसले असताना, हेडफोनमध्ये पुन्हा ठक, ठक. वाट बघायला काहीतरी असतं मला. वर्षभर तेवढंच नव्हतं.

पण मी केर काढणारी. मला पुढचं दिसत होतं. "उद्या खरे पडसाद आले," मी म्हणाले, "आकाशातून, खरोखरीचे, तर पहिला माणूस काय म्हणेल? सोडा हो, मास्तरचं भूत आलं परत. नोंद दाखवली तरी तेच म्हणतील. एकदा हसं झालं की झालं. जन्मभर तो ज्याच्यासाठी कान लावून बसला, ते आलं आणि आपण त्याच्याच नावाने परत पाठवलं, असं होईल. त्याला इथून जायला हवं, ताई. तो इथे असेपर्यंत ते यायचं नाही."

ताईंनी पदरी काहीच नसलेल्या माणसासारखे दोन्ही हात मांडीवर उघडे टाकले. मग मान डोलावली.

रांग पुसायची म्हणजे काही सोहळा नसतो. एक ओळ टाईप करायची आणि एक कळ दाबायची. ताईंनी पासवर्ड घातला आणि खुर्ची मला दिली. आत न बघता पुसायचं, हे मी ठरवलं होतं. किती होत्या, कधी येणार होत्या, काही कळू नये. कळलं की त्या दिवसाकडे डोळे लागतात. मी कळ दाबली.

आमचं यंत्र मेलं मोठं इमानदार. कुणी विचारलं नव्हतं तरी त्याने सांगितलं: काढलेल्या लहरी, एक.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा सासूबाईंनी दोन फोटो निवडून बाजूला ठेवले होते. मी पर्स ठेवली, त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही. परीक्षा, चुंबकं, ठोका. त्यांना समजलं. मुलाने शिकवून ठेवलं होतं.

"म्हणजे ते खरं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"पण तोच होता ना?"

"तोच होता."

त्यांनी दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि कडा जुळवल्या. बराच वेळ जुळवत होत्या. "मग परत येईल?"

"येणार होता," मी म्हणाले. "अजून एकदा. मी पुसलं."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "पुसायच्या आधी ऐकलंस?"

"नाही."

वर कुणीतरी नळ बंद केला. भिंतीत पाइप वाजला, एकदा, दोनदा, आणि थांबला. आम्ही दोघी श्वास धरून बसलो. तिसरा आला नाही.

"पाइपच आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि दार उघडायला उठल्या.